आक्काचं वाक्य

लातूरच्या एका कॉलेजात मराठी शिकवणारा रामलिंग पवळे बोलायला लागला की तो कुठला आहे हे कुणाला ओळखता यायचं नाही. पुण्याचा म्हणावं तर आडनाव आणि रंगरूप जुळत नव्हतं, लातूरचा म्हणावं तर बोलण्यात चुकूनही ‘करायलोय’, ‘जायलोय’ यायचं नाही. स्टाफरूममध्ये कुणी विचारलंच तर ‘नांदेडकडचा’ एवढं सांगून तो विषय मिटवायचा. नांदेड जिल्हा मोठा आहे. तेवढ्यावर भागून जायचं.

मूळचा तो किनवट तालुक्यातला, इस्लापूरच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या एका खेड्यातला. आई गेली तेव्हा तो रांगत होता. थोरली बहीण साखराबाई, त्याची आक्का, हिनंच त्याला वाढवलं. तिचं लग्न झालं तेव्हा आंदणाच्या भांड्यांबरोबर हा भाऊही तिच्या सासरी आला. नवरा ग्यानोबा मोठा भला माणूस. शेतावर जाताना तो या पोराला खांद्यावर बसवून न्यायचा, आणि कुणी विचारलं की ‘माझा थोरला’ म्हणून सांगायचा. पुढे त्यांना हरिओम झाला, तरी रामलिंगचं थोरलेपण ग्यानोबानं काढून घेतलं नाही. किनवटच्या निवासी शाळेत घालायला सायकलवर मागे बसवून तोच घेऊन गेला होता.

त्या शाळेत पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट घडली. मास्तर बाहेरगावचे होते. पंगतीत येऊन त्यांनी विचारलं, ‘‘काय रे, काय चाललंय?’’ रामलिंग म्हणाला, ‘‘जेवून राहिलो, सर.’’

‘‘जेवून कुठं राहिलास?’’ मास्तर म्हणाले आणि सगळी पंगत हसली. तिथून त्याचं नाव ‘राहिलो’ पडलं. ‘ए राहिलो, इकडं ये.’ ‘राहिलो, तुझी चड्डी वाळत राहिली बघ.’ बाकीची पोरंही आसपासच्या गावांतलीच होती, घरी तीही तसंच बोलत होती. पण हसताना कुणाला त्याची आठवण नव्हती. रामलिंगनं ती तीन अक्षरं तोंडातून कायमची काढून टाकली. पुस्तकात जसं लिहिलंय तसं बोलायला शिकला. नांदेडला एम.ए. करेपर्यंत ते इतकं अंगवळणी पडलं की सुट्टीत घरी गेल्यावर आक्का म्हणायची, ‘‘माझ्या भावाच्या तोंडात रेडिओ बसवला की काय कोनी?’’

नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. लिहून मात्र काही झालं नाही. पदोन्नतीच्या वेळी शोधनिबंध विचारले जात आणि रामलिंगकडे दाखवायला काही नसे. अशात एका चर्चासत्रात त्याची गाठ आप्पासाहेबांशी पडली. आप्पासाहेब निवृत्त प्राध्यापक. भाषाविज्ञान आणि बोलीभाषा यांना वाहिलेलं ‘वाक्‌संचित’ नावाचं षण्मासिक ते लातुरातल्या आपल्या घरातूनच काढायचे. वर्गणीदार थोडे, पण नाव मोठं. त्यात लेख आला की विद्यापीठातली माणसं मान हलवायची. त्या दिवशी आप्पासाहेब भाषणात म्हणाले, ‘‘तुम्ही मंडळी नियम पुस्तकांतून उचलता. लाज वाटली म्हणून जी भाषा वेशीबाहेर टाकून आलात, ती घेऊन या. मी छापतो.’’

रामलिंगला वाटलं, हे आपल्यालाच सांगून राहिले. मनातल्या मनात हा शब्द आला आणि तो एकटाच दचकला.

त्यानं विषय ठरवला : किनवट भागातल्या बोलीतलं ‘राहणे’ हे सहायक क्रियापद. करून राहिलो, येऊन राहिली, पडून नाही राहिला. ज्या तीन अक्षरांनी शाळेत त्याचा पाणउतारा केला, त्यांच्यावरच लेख लिहायचा. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आक्काकडे जाऊन राहायला लागला. ग्यानोबा जाऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. हरिओम निझामाबादला एका राइस मिलमध्ये कामाला. त्याची बायको पुनम लेकराला घेऊन आक्काजवळ असायची.

‘‘आक्का, तुझं बोलणं मोबाइलमध्ये भरून ठेवतो,’’ त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

‘‘ठेव. मेल्यावर ऐकत बस,’’ आक्का हसली होती.

आक्का म्हणजे बोलण्याचा झराच. तूर निवडताना, भाकरी थापताना, लुगड्याला टाके घालताना तिचं तोंड चालूच असायचं, आणि जे बोलायची ते डोळ्यांपुढे उभं राहायचं. मोबाइल बाजेवर पडलेला असायचा. चार दिवसांत ती त्याला विसरली. आणि एका दुपारी, पुनम पाण्याला गेलेली असताना, ती ग्यानोबाच्या आजारपणावर आली. लकवा झाल्यावर ग्यानोबा तीन-चार वर्षं अंथरुणाला खिळून होता. वाचा गेलेली. सगळं आक्काच करायची. त्याबद्दल ती आजवर कुणाशी बोलली नव्हती. त्या दुपारी सूप बाजूला ठेवून ती खालमानेनं म्हणाली, ‘‘काय सांगू बापू तुला. मरूनबी न्हाई राहिला अन् जगूनबी न्हाई राहिला. त्याच्या तोंडाकडं पाहून मी देवाला रोज म्हनून राहिली होती, उचल बाप्पा याला, उचल.’’

रामलिंगचा हात तिच्या पाठीवर होता. ‘असू दे आक्का’ असंच काहीतरी तो म्हणाला. पण त्याचे डोळे बाजेवरच्या मोबाइलकडे गेले. चालू आहे ना? चालू होता. एकाच दमात दोन नकार आणि वर भूतकाळाचं रूप! असं वाक्य शोधून मिळालं नसतं. त्याला आनंद झाला. आक्काच्या पाठीवर हात ठेवून त्याला आनंद झाला होता, हे त्याला पुढे कितीही झटकलं तरी झटकता आलं नाही.

लेख लिहून झाला. आप्पासाहेबांनी तो दोनदा वाचला, तपासणीसाठी दुसऱ्या एका अभ्यासकाकडे पाठवला, मग रामलिंगला घरी बोलावलं.

‘‘उदाहरणं अस्सल आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘हे बोलणाऱ्या बाई कोण?’’

‘‘माझी बहीण, सर.’’

‘‘काही वाक्यं फार खासगी आहेत हो. छापतोय म्हणून त्यांना विचारलंत ना?’’

‘‘सर, सख्खी बहीण आहे माझी.’’

आप्पासाहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. पण प्रश्नाचं उत्तर मिळालं असं समजून त्यांनी कागद बाजूला ठेवले. रामलिंगलाही वाटलं, मिळालं उत्तर.

अंक निघाला. लेखाचं कौतुक झालं. शेवटी तळटीप होती : ‘माहितीदात्री – साखराबाई, वय ६२, निरक्षर, इस्लापूर परिसर.’ आक्काचं नाव छापून आलं याचा रामलिंगला खरोखर अभिमान वाटला. त्याच सुमारास हरिओमच्या लेकराचं जावळ काढायचं ठरलं. रामलिंग अंकाच्या प्रती घेऊन गाडीत बसला.

दुपारी जेवणं उरकल्यावर माणसं अंगणातल्या लिंबाखाली विसावली होती. पुनमनं अंक चाळला आणि ओरडलीच, ‘‘अहो, आत्याबाईंचं नाव आहे यात!’’ झालं. पुस्तक या हातातून त्या हातात फिरलं. गावचे पोलीस पाटील म्हणाले, ‘‘प्रोफेसर, वाचून दाखवा की. आमाला तरी कळू द्या साखराबाईनं काय दिवे लावले.’’

रामलिंग उभा राहिला. लेखातला कठीण भाग गाळून त्यानं नुसती उदाहरणं वाचायला घेतली. ‘‘‘म्हैस पान्हून नाही राहिली.’ ‘पोरगं काहून रडून राहिलं व?’’’ अंगणात हशा पिकला. आपलं रोजचं बोलणं छापील पुस्तकातून ऐकताना माणसं लेकरांसारखी खुलली होती. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. आक्का उंबऱ्यात बसून होती. लाजत होती, सुखावत होती. ‘‘असं बोलली मी?’’ म्हणून पुनमला विचारत होती. कोणत्याही वर्गात रामलिंगला असे श्रोते मिळाले नव्हते. त्याचा आवाज चढला. पान उलटलं. पुढचं उदाहरण, त्याच्या पुढचं. आणि त्याच झोकात तो वाचून गेला, ‘‘‘मरूनबी न्हाई राहिला अन् जगूनबी न्हाई राहिला. त्याच्या तोंडाकडं पाहून मी देवाला रोज म्हनून राहिली होती, उचल बाप्पा याला...’’’

‘उचल’ म्हणताना त्याला कळलं. पण वाक्य तोंडातून निघून गेलं होतं.

कुणी एक जण सवयीनं हसला आणि गप्प झाला. पोलीस पाटलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. कुणाबद्दल आहे हे तिथं कुणाला सांगायची गरज नव्हती. अंथरुणाला खिळलेला ग्यानोबा सगळ्या गावानं पाहिला होता.

हरिओम लेकराला मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं लेकरू पुनमच्या हातात दिलं.

‘‘आई, तू असं म्हनून राहिली होती?’’

आक्का उंबऱ्यावरची माती बोटानं खरवडू लागली.

‘‘माझ्या बापाला? रोज?’’

‘‘हरिओम, अरे, त्याचा अर्थ तसा नाही,’’ रामलिंग मध्येच बोलला.

‘‘तुमी अर्थ नका सांगू मामा,’’ हरिओम म्हणाला. ‘‘त्यानं तुमाला खांद्यावर वागवलं. अन् तुमी त्याचं मरन पुस्तकात छापून आनलं, वाचूनबी दाखवून राहिले.’’

तो चपला घालून नदीच्या वाटेनं निघून गेला. आक्का उठली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून म्हणाली, ‘‘पावनं बसले हायत. चहा ठेवते.’’ आणि आत गेली. चहा आला. सगळ्यांनी खाली बघत प्यायला. रामलिंगच्या हातातला अंक कुठं ठेवावा ते त्याला कळेना. शेवटी त्यानं तो अंगाखाली सारला आणि त्यावर बसून राहिला.

संध्याकाळच्या गाडीनं तो परत निघाला. आक्का वेशीपर्यंत आली नाही. दारातच म्हणाली, ‘‘सांभाळून जा.’’

लातूरला आल्यावर त्यानं ते ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं. आधी सुपात तुरीचा आवाज, मग आक्काचा. ‘उचल बाप्पा याला, उचल.’ मग त्याचंच ‘असू दे आक्का’. आणि मग, जे तो लिहिताना गाळून बसला होता ते : ‘‘असं म्हनायची अन् मंग माझंच थोबाड फोडून घ्यायची. पेज करायची, चमच्यानं त्याच्या तोंडात घालायची. त्यानं घोट गिळला का म्हनायची, देवा, माझं ऐकू नको रे बाप्पा.’’

एवढं का गाळलं ते त्याला लख्ख आठवलं. त्यात ‘राहणे’ नव्हतं. ‘म्हनायची’, ‘घ्यायची’, ‘घालायची’ ही रूपं त्याच्या विषयात बसत नव्हती. त्यानं वाक्यं कापताना बाईचं अर्धं काळीज कापून टाकलं होतं आणि त्याला ते काळीज वाटलंच नव्हतं. बायको शिल्पा जेवायला बोलवायला आली तेव्हा तिच्याकडे त्याला पाहवेना.

एकच मार्ग दिसत होता : हे हरिओमला ऐकवायचं. आईनं म्हटलेलं सगळं त्याच्या कानावर गेलं की त्याचा राग जाईल. पण या वेळी तो आधी आक्काकडे गेला. तिच्यासमोर मोबाइल ठेवून त्यानं सगळं सांगितलं.

आक्कानं शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘म्हंजे ते अजून तुझ्याजवळ हाय?’’

‘‘आहे. हरिओमला एकदा ऐकवू दे. त्याला कळेल.’’

‘‘न्हाई.’’

‘‘आक्का, तुझ्याच बाजूचं आहे ते.’’

‘‘माझं हाय, म्हनूनच न्हाई. मी तुला सांगितलं होतं. भावाला. तू गावाला सांगितलं. आता पोराला सांगून राहिला. उद्या अजून कोनाला सांगशील. पुसून टाक.’’

‘‘अगं पण तो तुझ्याशी बोलत नाही...’’

‘‘ते मी पाहीन. पुसून टाक. माझ्यादेखत.’’

त्यानं पुसलं. तिला यंत्रातलं कळत नव्हतं. पुसलं की नाही हे तिला त्याच्या तोंडाकडे पाहूनच ठरवावं लागलं, आणि ती पुष्कळ वेळ त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. आक्काला आपल्या शब्दाचा भरवसा वाटत नाही हे रामलिंगनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

मग तो आप्पासाहेबांकडे गेला. सगळं सांगताना त्याची मान वर होत नव्हती. आप्पासाहेबांनी चष्मा काढून ठेवला.

‘‘संकेतस्थळावरून लेख आजच काढतो,’’ ते म्हणाले. ‘‘पुढच्या अंकात निवेदन टाकू. पण छापलेल्या प्रती ग्रंथालयांत गेल्यात, त्या आता माझ्या हातात नाहीत. चूक माझीही आहे. मी विचारलं आणि तुम्ही दिलेल्या उत्तरावर समाधान मानलं.’’

‘‘नाही सर. मी तुम्हाला फसवलं.’’

‘‘मला नाही फसवलंत,’’ आप्पासाहेब म्हणाले.

निवेदनाचा मसुदा रामलिंगनं लिहिला. ‘माहितीदात्रीची संमती न घेतल्याने चौदावे उदाहरण मागे घेत आहे. दोष सर्वस्वी माझा.’ लहानसं निवेदन, पण कॉलेजात ज्यांनी लेख वाचला नव्हता त्यांनीही ते वाचलं. प्राचार्यांनी बोलावून विचारलं, ‘‘हे जाहीर करायची काय गरज होती? निबंध मोजला जायचा थांबेल.’’ मोजला गेला नाही. त्याचं त्याला वाईट वाटलं नाही. उलट थोडं बरंच वाटलं, आणि बरं वाटलं याचीही लाज वाटली. सगळ्यात अवघड गेला तो पुण्याच्या एका संशोधक बाईंचा फोन. त्यांच्यापर्यंत निवेदन पोचलं नव्हतं. ‘‘तुमचं चौदावं उदाहरण मी माझ्या लेखात घेतलंय,’’ त्या उत्साहानं सांगत होत्या, ‘‘किती सुंदर वाक्य आहे हो!’’ रामलिंगनं त्यांना ते काढायची विनंती केली. त्या म्हणाल्या, अंक छापून झाला.

हरिओम पुढे कधीतरी आईशी बोलायला लागला. कसा, कोणत्या शब्दांनी, ते रामलिंगला कुणी सांगितलं नाही. पेरणीला तो गावी आला होता आणि मायलेक शेतात बराच वेळ बसून होते, एवढंच पुनमनं फोनवर सांगितलं. ‘‘काय बोलले ते मला ठाऊक नाही मामा,’’ ती म्हणाली, ‘‘आणि असतं तरी...’’ तिनं वाक्य सोडून दिलं. रामलिंग म्हणाला, ‘‘बरोबर आहे तुझं.’’ हरिओम त्याच्याशी मात्र कामापुरतंच बोलत राहिला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आक्का मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लातूरला आली. रामलिंगनंच आग्रह केला होता. ती आली तेव्हा त्याला वाटलं, चला, आता सगळं निवळलं. ऑपरेशन होऊन एका डोळ्यावर पट्टी होती. दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, गमत्ये होते. ‘‘काय आजी, दिसतंय का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘काय दिसून राहिलं बाप्पा,’’ आक्का म्हणाली, ‘‘तुमचं तोंड मला फोडनीत उडालेल्या मोहरीवानी दिसून राहिलं. तुमी देखने हाय का न्हाई ते पट्टी काढल्यावरच सांगीन.’’ डॉक्टर हसले, नर्स हसली, शेजारच्या खाटेवरची म्हातारीही हसली. कितीतरी महिन्यांनी रामलिंगला आपल्या आक्काचा आवाज ऐकू आला.

डॉक्टर गेल्यावर तो जवळ सरकला. ‘‘आक्का, काही हवंय का?’’

आक्कानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. तोंडावरचं हसू ओसरलं. टीव्हीवरच्या मालिकेतल्या बाया बोलतात तसं, एकेक शब्द तोलून ती म्हणाली, ‘‘मला पाणी पाहिजे आहे.’’

त्याला वाटलं ती थट्टा करते आहे. घरी नेल्यावर कळलं, थट्टा नाही. शिल्पाशी, मुलांशी, कामवाल्या बाईशी आक्का तिच्या तोंडानं बोलायची. रामलिंग खोलीत आला की बोलणं थांबायचं, आणि त्याच्याशी बोलायची ते अडखळत, चुकत, पुस्तकी. ‘माझे जेवण झाले आहे.’ ‘मी आता झोपणार आहे.’ आठवडाभर त्यानं सोसलं. मग एका सकाळी डोळ्यात औषध घालता घालता त्यानं विचारलंच.

‘‘आक्का, तू माझ्याशी अशी का बोलतेस?’’

‘‘चांगले बोलते आहे की,’’ आक्का म्हणाली. ‘‘यात तुला घेण्यासारखे काही नाही.’’

त्याच्या हातातली औषधाची बाटली हलली, थेंब गालावर पडला. तो पुसायला कापूस शोधू लागला, तर आक्कानं स्वतःच पदरानं गाल पुसला आणि पुन्हा डोळा उघडून, मान वर करून बसली. भावाच्या हाताची तिला भीती नव्हती. त्यानं दुसरा थेंब नीट डोळ्यात घातला. बाहेर शिल्पानं हाक मारली, ‘‘आक्का, पोहे गरम आहेत, या.’’

‘‘आलीच व,’’ आक्का मोठ्यानं म्हणाली आणि भिंत चाचपत बाहेर गेली. रामलिंगनं बाटलीचं झाकण लावलं. स्वयंपाकघरात ती पुनमच्या लेकराची कुठलीतरी गोष्ट रंगवून सांगू लागली होती. तो उठून दाराशी गेला असता तर ती थांबली असती. म्हणून पोहे गार होईपर्यंत तो आतच बसून राहिला.